खाऱ्या पाण्याच्या टँकमधले आगंतुक : आधी ओळख, मग इलाज

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये आपण विकत आणून जेवढे जीव सोडतो, त्याहून कितीतरी जास्त जीव न सांगता येऊन राहिलेले असतात. लाइव्ह रॉकच्या (सूक्ष्म जीव वसलेल्या समुद्री दगडाच्या) भेगेत, कोरलच्या फ्रॅगखाली (तोडून विकलेल्या छोट्या तुकड्याखाली), शेवाळाच्या गुच्छात, गोगलगायीच्या शंखावर चिकटून ते येतात आणि पहिले काही आठवडे दिसतही नाहीत. मग एका रात्री दगडाखालून काहीतरी वळवळत बाहेर येतं आणि आपण घाबरून चिमटा शोधू लागतो.

तो चिमटा थोडा वेळ खाली ठेवा. या आगंतुकांपैकी बहुतेक जण निरुपद्रवी असतात, आणि बरेचसे टँकची साफसफाई फुकटात करतात. माझं ठाम मत आहे की नवख्यांच्या टँकचं नुकसान आगंतुकांपेक्षा घाईघाईने केलेल्या इलाजांमुळे जास्त होतं. म्हणून या लेखात मारण्याआधी ओळखण्यावर भर दिला आहे, आणि जिथे मारावंच लागतं तिथे ते नेमकं कसं करायचं, हे सांगितलं आहे.

रात्रीची पाहणी

दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी टँकसमोर बसा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा किंवा लाल प्रकाशाची टॉर्च घ्या. बहुतेक अपृष्ठवंशी जीवांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळून न जाता आपलं काम करत राहतात. पांढरा झोत टाकलात तर फक्त बिळात शिरणारी शेपटी दिसेल.

एखादा जीव दिसला की नाव शोधण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा : तो कशावर आहे, काय खातोय, हलतो कसा, आणि काचेवरच्या एखाद्या ओळखीच्या वस्तूच्या तुलनेत केवढा आहे. फोटो काढा, जमल्यास छोटा व्हिडिओ घ्या. हालचालीवरून ओळख पटते तशी स्थिर फोटोवरून बऱ्याचदा पटत नाही.

पुराव्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. मेलेल्या गोगलगायीवर दहा किडे जमलेले दिसले म्हणजे त्यांनीच तिला मारलं असं होत नाही. बहुतेक वेळा ती आधी मेलेली असते आणि किडे तिची विल्हेवाट लावायला आलेले असतात. गुन्हेगार ठरवायचा तर जिवंत, धडधाकट प्राण्यावर हल्ला होताना दिसला पाहिजे, किंवा रोज रात्री त्याच कोरलवर तोच जीव आणि सकाळी तिथेच नवी जखम, असा माग लागला पाहिजे.

यांना हात लावू नका

काचेवर ठिपक्यांसारखे धावणारे कोपेपॉड, दगडांमध्ये उड्या मारणारे अँफिपॉड, भेगेतून फक्त हात बाहेर काढून बसणारे छोटे ब्रिटल स्टार, नळीतून पिसारा फुलवणारे फेदर डस्टर, वाळूवर लांबच लांब पांढरे धागे पसरणारे स्पॅगेटी वर्म, पाठीवर आठ तुकड्यांचं कवच असलेले कायटन, चपट्या कवचाच्या चपळ स्टोमॅटेला गोगलगायी, छोटे स्पंज. ही सगळी मंडळी ठेवण्यासारखी आहेत. मँडरिनसारख्या माशांचं तर सगळं जगणंच कोपेपॉडवर अवलंबून असतं.

सर्वांत जास्त गैरसमज ब्रिसलवर्मबद्दल आहेत. गुलाबी-करड्या रंगाचा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांच्या झुपक्यांची रांग असलेला हा किडा पाहून कुणालाही शिसारी येते. पण लाइव्ह रॉकवरून येणारे बहुतेक ब्रिसलवर्म उरलेलं अन्न, विष्ठा आणि मेलेले जीव खातात, आणि आपला हात पोचत नाही अशा भेगांमध्ये जाऊन खातात. त्यांची संख्या अचानक वाढली तर त्याचा अर्थ टँकमध्ये अन्न जास्त पडतंय. खाऊ कमी करा, वाळूवरची घाण सायफन करा, संख्या आपोआप खाली येते. नुसते किडे काढत बसलात आणि खाऊ तसाच राहिला, तर ते पुन्हा तितकेच होतात.

यातला खरा त्रासदायक म्हणजे दाढीवाला फायरवर्म. त्याचे पांढरे झुपके जास्त दाट असतात, त्यांच्या लगत लालसर-नारिंगी कल्ल्यांचे गुच्छ दिसतात आणि डोक्यावर चुण्यांचा मांसल तुरा असतो. तो कोरलच्या फांदीचं टोक तोंडात घेऊन वरचा जिवंत थर खातो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवतो. हा दिसला तर काढा. किडा कुठलाही असो, उघड्या हाताने धरू नका. केस त्वचेत मोडून राहतात आणि चांगलीच आग होते. टोचलेच तर चिकटपट्टी दाबून ओढा, चोळू नका, आणि सूज वाढत असेल तर डॉक्टरांकडे जा.

एप्टेशिया : सगळ्यात चिवट पाहुणा

एप्टेशिया हे काचेसारखं अर्धपारदर्शक, तपकिरी छटेचं छोटं समुद्रफूल. लांब देठ, टोकाला बारीक टोकदार स्पर्शकांचा घेर, आणि धक्का लागताच क्षणात भेगेत गायब होणारं. याचे डंख शेजारच्या कोरलला भाजून काढतात. पण त्याचं खरं बळ आहे वाढण्यात. ते सरकतं तेव्हा पायाच्या चकतीचे सूक्ष्म तुकडे मागे राहतात आणि त्या प्रत्येक तुकड्यातून नवं एप्टेशिया उभं राहतं. प्रयोगशाळेत कोरल आणि शैवाल यांच्या सहजीवनाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ हेच समुद्रफूल वापरतात, कारण ते इतक्या सहज वाढतं.

म्हणूनच ते खरवडणं, चिमट्याने ओढणं किंवा ब्रशने घासणं सोडून द्या. एकाचे दहा होतात.

दोन-चार, फार तर दहा-बारा एप्टेशिया असतील तर सिरिंज पुरते. बाजारात खास तयार द्रव मिळतात. घरी करायचं तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कोरलवाले ज्याला काल्कवासर म्हणतात त्याची पूड, थोड्या आरओ पाण्यात कालवून दाट पण सुईतून जाईल अशी पेस्ट करा. ही पेस्ट तीव्र अल्कधर्मी असते. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आधी सगळे पंप आणि पॉवरहेड बंद करा आणि पाणी शांत होऊ द्या. एप्टेशिया पूर्ण फुललेलं हवं. बोथट, लांब सुई वरून हळूहळू आणा. सावली पडली किंवा स्पर्शकाला धक्का लागला तर ते मिटतं, मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा या. सुई तोंडाच्या अगदी वर आणून पेस्टचा एक छोटा थेंब सोडा. भोसकू नका. ते अन्न समजून थेंब आत ओढतं, मग आक्रसतं. आक्रसता आक्रसता वर आणखी पेस्ट टाकून ते शिरलेलं भोक पांढऱ्या थराने पूर्ण बुजवा. इथे घाई केली की बाजूने अर्धा पाय वाचतो आणि दोन आठवड्यांनी तिथेच तीन पिल्लं दिसतात. अर्ध्या तासाने पंप सुरू करा. एका वेळी चार-पाचच घ्या, कारण पेस्टने पाण्याचा पीएच चढतो, आणि लहान टँकमध्ये तो फार पटकन चढतो. कोरलवर पेस्ट उडाली तर लगेच पिचकारीने बाजूला करा.

एप्टेशिया शेकड्यांनी झाली असतील तर सिरिंजने हाताला यश येत नाही. तिथे खाणारा प्राणीच लागतो. पेपरमिंट कोळंबी स्वस्त आणि सोपी, पण प्रत्येक कोळंबी खाईलच याची खात्री नसते आणि मोठ्या एप्टेशियाकडे ती सहसा वळत नाही. विकत घेताना नीट बघा : कॅमल कोळंबी दिसायला जवळची असते, पण तिच्या अंगावर लालासोबत ठळक पांढऱ्या रेघा असतात, पाठीला कुबड असतं आणि ती मऊ कोरल खाते. कॉपरबँड बटरफ्लाय मासा एप्टेशिया खातो, पण त्याला जगवणं अवघड. केवळ या कामासाठी तो आणू नये असंच मी सांगेन.

माझी पसंती बर्गियाला आहे. ही एक छोटी समुद्री गोगलगाय, कवच नसलेली, आणि ती एप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही. त्यामुळे कोरलला धोका शून्य. रात्री हिंडते, दगडावर पांढऱ्या गुंडाळीसारखी अंडी घालते, आणि संख्या वाढली की टँक साफ करते. अट एकच, धीर. सुरुवातीचे काही आठवडे काहीच घडत नाही असं वाटतं, पूर्ण सफाईला काही महिने लागू शकतात. पेपरमिंट कोळंबी आणि बरेचसे रॅस मासे बर्गिया खातात, म्हणून दोन्ही उपाय एकदम करू नका. सोडताना ती पंपात ओढली जाणार नाही अशा ठिकाणी, एप्टेशियाच्या जवळ, नळीतून अलगद सोडा. सगळं एप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते, त्याआधी कुणाला तरी देऊन टाका.

मजानो हे एप्टेशियाचंच जाडसर भावंड : आखूड देठ, गोलसर टोकाचे स्पर्शक, बऱ्याचदा हिरवट. उपाय सिरिंजचाच, पण बर्गिया याला तोंड लावत नाही.

टकटक आवाज, हरवलेले मासे

रात्री टँकमधून काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो तेव्हा दोन संशयित असतात. पिस्तूल कोळंबी नांगी झटक्यात मिटून आवाज काढते. ती बहुधा निरुपद्रवी असते, काही जाती तर गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात. दुसरा मॅन्टिस श्रिंप. देठांवर फिरणारे डोळे, मुडपून धरलेले पुढचे पाय, आणि गोगलगायी-खेकडे रोज एक-एक करून कमी होणं, ही त्याची लक्षणं. नुसत्या आवाजावरून निवाडा करू नका, डोळ्यांनी पाहा.

मॅन्टिस असेल तर बीळ असलेला दगड हेरा आणि तो दगड उचलून रिकाम्या बादलीवर धरा. बिळात सिरिंजने साधं, बिनसाखरेचं सोडा वॉटर मारा. काही क्षणांत तो बाहेर उडी मारतो. दुसरा मार्ग म्हणजे दगड जास्त खारट पाण्यात, विशिष्ट गुरुत्व १.०४० च्या आसपास, काही मिनिटं बुडवणं. या पाण्यात मॅन्टिसप्रमाणेच खेकडे आणि किडेही बाहेर येतात. त्यातले हवे ते लगेच उचलून टँकच्या पाण्यात परत टाका. मॅन्टिसला हाताने कधीही धरू नका, त्याचा फटका बोट फोडू शकतो. आणि शक्यतो मारूही नका. वेगळ्या छोट्या टँकमध्ये तो पाळण्यासारखा, फार हुशार प्राणी आहे.

खेकड्यांच्या बाबतीत नांग्या बघा. चमच्यासारख्या पसरट टोकाच्या नांग्या बहुधा शेवाळ खरवडणाऱ्याच्या असतात, टोकदार नांग्या मांस फाडणाऱ्याच्या. केसाळ अंग आणि काळ्या टोकांच्या नांग्या दिसल्या तर तो झँथिड कुळातला समजून काढून टाका. या कुळातल्या काही जाती विषारी असतात, म्हणून पकडलेला खेकडा मोठ्या माशाला खायला घालू नका. पकडायला काचेचा उभट पेला दगडाला तिरपा टेकवा, तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवा. आत घसरलेल्या खेकड्याला गुळगुळीत काच चढता येत नाही.

एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोसिलोपोरा या कोरलच्या फांद्यांमध्ये राहणारा गुळगुळीत छोटा ट्रॅपेझिया खेकडा त्या कोरलचा रखवालदार असतो. समुद्रात तो कोरल खाणाऱ्या काटेरी तारामाशालासुद्धा चिमटे काढून हुसकतो. त्याला तिथेच राहू द्या.

मोठ्या किड्यांमध्ये युनिस वर्म लक्षात ठेवा. इंद्रधनुषी चमक आणि डोक्यावर पाच शिंगांसारखे स्पर्शक ही ओळख. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकीच्या ब्लू रीफ अक्वेरियममध्ये कोरल तुटलेले आणि मासे जखमी सापडत होते, लावलेले सापळे रात्रीत मोडले जात होते. शेवटी सगळी मांडणी दगडागणिक उकलली तेव्हा एक मीटरहून लांब युनिस किडा सापडला. तुमच्याकडे असा दिसला तर अर्धा तोडू नका; तो ज्या दगडात आहे तो अख्खा दगड वेगळ्या बादलीत हलवा.

गोगलगायी, चपटे किडे आणि इतर

दगडावर पांढरट, कडक, वळलेल्या नळ्या आणि त्यांतून निघालेली कोळ्याच्या जाळ्यासारखी चिकट श्लेष्माची जाळी दिसली तर त्या व्हर्मेटिड गोगलगायी. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मुरिया बेटाजवळच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यांतल्या एका मोठ्या जातीच्या सान्निध्यात कोरलची वाढ आणि तगण्याचं प्रमाण दोन्ही घटल्याचं दिसलं. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा : नळी मुळाशी मोडा आणि उरलेल्या भोकावर सुपरग्लू जेलचा थेंब लावून बंद करा. कोरलला बारीक पूड खाऊ घालणं काही आठवडे कमी करा, कारण तेच त्यांचंही अन्न आहे.

ट्रायडॅक्ना शिंपल्याच्या कडेला किंवा ट्रोकस गोगलगायीच्या शंखावर तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या, टोकदार गोगलगायी रात्री जमत असतील तर त्या पिरॅमिडेलिड, म्हणजे रस शोषणारे परजीवी. मऊ ब्रशने रोज काढा, शिंपल्याच्या सांध्याजवळची चिकट अंडीही खरवडा. यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पण काचेवर शेवाळ खात फिरणाऱ्या छोट्या गोगलगायी निष्पाप असतात. फरक जागेवरून कळतो : परजीवी नेहमी यजमानावर सापडतो. डोक्यापुढे सोंडेसारखी लांब नळी काढून चालणारी गोगलगाय मात्र बहुधा मांसाहारी. ती बाहेर काढून काही दिवस वेगळी ठेवून पाहा.

गंजासारख्या रंगाचे, शेपटीला दोन टोकं असलेले चपटे किडे म्हणजे रेड प्लॅनेरिया. ते कोरल खात नाहीत, पण थर साचला की प्रकाश अडवतात. इथे धोका इलाजातच आहे. एकदम हजारो मेले तर त्यांच्या शरीरातलं विष पाण्यात उतरून मासे दगावू शकतात. आधी काही दिवस बारीक नळीने शक्य तितके सायफन करा, मगच औषध घाला, आणि पाणी बदलण्यासाठी तयार साल्ट मिक्स व ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन आधीच हाताशी ठेवा. मेलॅन्युरस किंवा पिवळा कोरिस रॅस हे किडे टिपतो, मात्र त्याला झोपायला वाळू आणि टँकला झाकण हवं.

अॅक्रोपोरा कोरल खाणारा चपटा किडा आणि मॉन्टिपोरा कोरल खाणारी पांढरी न्यूडीब्रँक (बिनकवचाची समुद्री गोगलगाय) हे दोघं खऱ्या अर्थाने घातक. पहिला कोरलच्या रंगाशी इतका मिसळतो की दिसत नाही, दिसतात ते गोल फिकट चावे आणि बुडाशी मृत भागावर तपकिरी अंड्यांचे पुंजके. दुसरी मॉन्टिपोराच्या खालच्या बाजूला सापडते. डिपने, म्हणजे कोरल काही मिनिटं औषधी पाण्यात बुडवल्याने, प्रौढ मरतात, अंडी मरत नाहीत.

बोटाच्या नखाएवढे, असमान हातांचे अॅस्टेरिना तारामासे बहुतेक काचेवरचं शेवाळच खातात. झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, कोरलचे नातलग जीव) मिटून राहत असतील आणि रात्री तारामासा त्यावरच बसलेला सापडत असेल तरच काढा. हार्लेक्विन कोळंबी त्यांना संपवते, पण ती तारामाशांशिवाय काही खात नाही, त्यामुळे पुढे तिच्या अन्नाची सोय करणं तुमची जबाबदारी. माशाच्या अंगाला चिकटलेला मोठ्या डोळ्यांचा आयसोपॉड सिरोलॅनिड असू शकतो आणि त्यात थांबून पाहायला वेळ नाही : मासे वेगळ्या टँकमध्ये हलवा, मूळ टँक काही महिने माशांविना ठेवा आणि रात्री मांसाचा तुकडा घातलेले सापळे लावा.

दारातच अडवणं

फ्रॅग आणल्यावर शक्य असेल तर तो ज्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) बसवलेला आहे तो तोडून टाका. अंडी आणि एप्टेशिया बहुतेक वेळा प्लगवरच असतात. तीन भांडी घ्या : एकात टँकच्याच पाण्यात कालवलेलं डिप, दोनांत स्वच्छ टँकचं पाणी. डिपमध्ये उत्पादकाने सांगितली तेवढीच मिनिटं ठेवा आणि सगळा वेळ पिचकारीने कोरलवर पाणी मारत राहा; गुंगलेले किडे फवाऱ्याशिवाय सुटत नाहीत. तळाशी काय पडलं ते भिंगाने पाहा. मग दोन्ही भांड्यांत खळबळून घ्या. डिपचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये. उरलेला मृत सांगाडा भिंगाखाली तपासा आणि अंडी दिसली तर तो भाग कापून टाका किंवा ग्लूखाली बुजवा.

त्यानंतर क्वारंटाइन. अंडी फुटायला तापमानानुसार एक ते तीन आठवडे लागू शकतात, म्हणून दर आठवड्याला एक असे किमान चार-सहा आठवडे डिप करत राहा. त्या टँकमध्ये मासे नसतील आणि मुक्काम ७६ दिवसांचा केलात, तर कोरलवर चिकटून आलेला व्हाइट स्पॉट या माशांच्या रोगाचा परजीवीही यजमानाविना संपतो. छंदात हाच आकडा प्रचलित आहे. नवा लाइव्ह रॉक वेगळ्या पिंपात हीटर आणि पंप लावून चार ते सहा आठवडे क्युअर करा, म्हणजे त्यावरचं मेलेलं सगळं कुजून जाऊ द्या. अमोनिया शून्यावर येईपर्यंत मॅन्टिस, खेकडे, किडे सापळ्यात पकडायला तुम्हाला पुरेसा वेळ मिळतो, तोही मासे धोक्यात न घालता.

हे करू नका

मुख्य टँकमध्ये तांब्याचं औषध कधीही नको. ते कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळ्यांना मारतं आणि दगडात मुरून राहतं. आणि लाइव्ह रॉक कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, प्रेशरने धुऊ नका. त्यावर झोअँथिड किंवा त्यांच्याच कुळातले पॅलिथोआ असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे त्यांचं जहाल विष हवेत जातं. असा दगड उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं आणि पाळीव प्राणी आजारी पडल्याचे प्रकार घडले आहेत. दगड निर्जंतुक करायचाच असेल तर उघड्यावर, उन्हात, हात न लावता आठवडे वाळू द्या.

काढलेला कुठलाही जीव, शेवाळ किंवा दगड समुद्रात, खाडीत, नाल्यात टाकू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे अक्वेरियमचं शेवाळ १९८४ मध्ये मोनाकोजवळ भूमध्य समुद्रात आढळलं आणि पुढे दूरवर पसरलं. तेच २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात सापडलं, तिथे ते २००६ मध्ये संपल्याचं जाहीर होईपर्यंत ७० लाख डॉलरहून जास्त खर्च झाला. मारायचा जीव पिशवीत घालून फ्रीजरमध्ये गोठवा आणि कचऱ्यात टाका, शेवाळही तसंच. क्वारंटाइनचं आणि डिपचं पाणी ब्लीच घालून रात्रभर राहू द्या, मग घरातल्या सांडपाण्याच्या मोरीत ओता, पावसाच्या गटारात नको.